नाव दुरुस्ती

मिरजेच्या या दवाखान्यात एकशे चौऱ्याऐंशी संगणक
आणि मला दिल्यात अकरा रात्री.
दिवसा हात लावायचा नाही. दिवसा ओपीडी,
अथणीची, रायबागची, कवठेमहांकाळची माणसं,
कन्नडमध्ये कण्हणारी, मराठीत केसपेपर मागणारी.
म्हणून मी दहाला येतो, सॅकेत चार पेनड्राइव्ह,
स्क्रूड्रायव्हर, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

कंपनीच्या पत्रात लिहिलंय, जुन्या प्रणालीचा आधार बंद.
म्हणजे चालतंय सगळं,
फक्त बिघडलं तर कुणी येणार नाही.
सिस्टर रूथ अवघडेंनी पत्र वाचलं, चष्मा काढला,
"मग आमच्यासारखंच की," म्हणाल्या
आणि सलाईन बदलायला गेल्या.

प्रसूती विभागात सीपीयूवर दसऱ्याच्या गंधाचे थर,
फटीत आपट्याचं पान.
पान काढलं, काम केलं, परत खोचलं.
तळघरातले नऊ महापुरात बुडून, वाळवून पुन्हा लावलेले.
झाकण उघडलं तर आत
कृष्णेचा गाळ, पोपडे धरलेला,
आणि तरी पंखा फिरत होता.

सातव्या रात्री रेकॉर्ड रूम.
दस्तगीर शिकलगार घरी गेले नव्हते.
आठ महिन्यांनी रिटायर. कीबोर्डवरची अक्षरं पुसलेली,
त्यांच्या बोटांना ती लागतच नाहीत.
पडद्यावर तोच हिरवा डोंगर, तेच ढग,
वीस वर्षं एकही ढग हललेला नाही.

मी सगळ्यांना विचारतो तसं विचारलं,
पुसायच्या आधी काही ठेवायचंय?
मला वाटलं नातवाचे फोटो असतील.
"एक फाईल आहे," म्हणाले. "छोटीच आहे."

ॲक्सिडेंटचा पेशंट येतो, शुद्धीत नसतो.
आम्ही टाकतो: अनोळखी पुरुष, अंदाजे चाळीस.
मग चार दिवसांनी बायको येते. किंवा भाऊ. नाव कळतं.
पण ह्यात एकदा टाकलेलं नाव बदलत नाही हो.
साहेबांना तीनदा अर्ज दिला.
मग मी इथं लिहून ठेवायला लागलो,
नंबर, आणि पुढं खरं नाव.

उघडून दाखवली.
अनोळखी स्त्री, बेडग रस्ता: गोदाक्का बसगोंडा नरवाडे.
अनोळखी पुरुष, रेल्वे स्टेशन: यल्लाप्पा, आडनाव सांगितलं नाही.
अनोळखी मूल: पुढे मोकळी जागा.
दोनशे सतरा ओळी.
चौऱ्याहत्तर ओळींपुढे काहीच नाही.
"ते भरायचे राहिलेत," ते म्हणाले,
बाजारात विसरलेल्या जिन्नसांबद्दल बोलावं तसं.

फाईल उतरवायला डोळ्याची पापणी लवेपर्यंतही लागलं नाही.
मी तरी दुसऱ्या पेनड्राइव्हवरही घेतली.
मग तिसऱ्यावर.

पुसताना ते उठून खिडकीशी गेले.
टक्के वाढत गेले. एकसष्ट. एकसष्ट. एकसष्ट.
बाहेर कोल्हापूरकडची गाडी शिटी देऊन गेली.
चहा सांगू का, त्यांनी विचारलं. दोन वाजले होते,
कुणाला सांगणार होते कोण जाणे.

नव्या प्रणालीत बटण आहे: नाव दुरुस्ती.
मी दाखवलं. त्यांनी दाबलं.
जुन्या नोंदींना लागू नाही, असं आलं.
दस्तगीरभाई हसले, पहिल्यांदाच.
"मग ती फाईल ह्याच्यावरच ठेव. डाव्या कोपऱ्यात.
तिथंच हात जातो."

माझ्या अहवालात लिहिलंय: एकशे त्र्याऐंशी पूर्ण.
एक राहिला, जुन्या एक्स-रेला बांधलेला.
ते मशीन नव्याशी बोलत नाही
आणि मशीन बनवणारी कंपनीच आता नाही.
त्याची नेटची वायर मी काढून ठेवली,
वर चिकटपट्टी, पट्टीवर पेनाने: लावू नये.
तो एकटाच आतल्या खोलीत हाडं बघत बसेल.

डाव्या कोपऱ्यातल्या फाईलबद्दल
अहवालात रकाना नव्हता.